बाळाचा गळणारा डोळा आणि आईचे बोट

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी गळते, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात आणि तरीही डोळ्याचा पांढरा भाग पांढराच राहतो. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की बहुतेक वेळा कारण एकच असते: अश्रुनलिकेचे नाकाकडचे तोंड जन्मताना उघडलेले नसते. बालनेत्ररोगाच्या बाह्यरुग्ण विभागात अशी बाळे रोज येतात. ब्रिटनमध्ये ४,७९२ बाळांची पहिल्या वर्षभर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २० टक्के बाळांचे डोळे कधी ना कधी गळत होते आणि त्यांतली ९६ टक्के बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत बरी झाली. म्हणजे हा त्रास जितका सर्रास, तितकाच आपोआप बरा होणारा आहे. मात्र या काळात काय करायचे आणि काय टाळायचे हे घरच्यांना नीट सांगावे लागते, करून दाखवावे लागते आणि पुन्हा तपासावे लागते. या कामात वर्षे घालवलेल्या डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा अनुभव असा की यश औषधाच्या चिठ्ठीपेक्षा या शिकवण्यावर जास्त अवलंबून असते.

डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीत पाणी तयार होते. पापण्यांच्या उघडझापीबरोबर ते डोळ्यावर पसरत नाकाकडच्या कोपऱ्यात येते. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर एकेक सूक्ष्म छिद्र असते. त्या छिद्रांतून निघालेल्या बारीक नळ्या अश्रुपिशवीत उघडतात. पिशवीतून निघणारी अश्रुनलिका हाडाच्या पोकळीतून खाली उतरते आणि नाकात उघडते. रडताना नाकही वाहू लागते ते या वाटेमुळे. गर्भात ही वाट आधी पेशींनी भरलेली असते. पुढे ती पोकळ होत जाते आणि नाकाकडचे टोक सर्वांत शेवटी उघडते. प्रागचे नेत्रतज्ज्ञ योसेफ हासनर यांच्या नावाने ओळखली जाणारी झडप याच टोकाशी आहे. जन्मानंतरही तिथे पातळ पडदा शिल्लक राहिला तर पाणी नाकात उतरत नाही. मोरीचे तोंड तुंबले की थोडेसे पाणीही साचून राहते, तसे डोळ्यात रोजच्याइतकेच पाणी तयार होऊनही ते गालावर ओघळते. पिशवीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि चिपडे येऊ लागतात.

जन्मल्यावर लगेच बाळाला फारसे अश्रू येत नाहीत. ते काही आठवड्यांत वाढतात. त्यामुळे बहुतेक घरांत 'बाराव्या दिवसापर्यंत डोळा छान होता, मग बिघडला' असे सांगितले जाते. मग कारणांचा शोध सुरू होतो. न्हाऊ घालताना साबण गेला, धुरी जास्त झाली, नजर लागली, बाळंतिणीने थंड खाल्ले, असे काही ना काही पुढे येते आणि दोष बहुधा आईवर किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईवर येतो. म्हणून पहिल्या भेटीतच एक वाक्य स्पष्ट बोलावे लागते: हा पडदा जन्माच्या आधीपासूनचा आहे, कोणाच्या हातून काही चुकलेले नाही. हे ऐकल्यावर अनेक आयांचा चेहरा बदलतो आणि पुढचे सगळे सांगणे त्यांच्या कानात शिरू लागते. अपराधीपणाच्या ओझ्याखाली असलेल्या आईला मालिश शिकवून उपयोग होत नाही, हा या कामातला अगदी सुरुवातीचा धडा आहे.

निदानासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, अश्रुपिशवीवर बोटाने हलकेच दाबले की छिद्रांतून पाणी किंवा पू उलटा डोळ्यात येतो. वैद्यकीय शिक्षणात ही चाचणी 'रोप्लास' या नावाने शिकवली जाते. शंका राहिली तर डोळ्यात फ्लुरेसिनचा नारिंगी रंग घालून सुमारे पाच मिनिटांनी निळ्या प्रकाशात पाहतात. वाट मोकळी असेल तर रंग ओसरतो आणि बंद असेल तर डोळ्यात तसाच साचून राहतो. एका डोळ्यात रंग नाहीसा आणि दुसऱ्यात पिवळे-हिरवे तळे, हे दृश्य आईवडिलांनाही दाखवावे. अडथळा कुठे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले घर उपचार अधिक मनापासून करते.

प्रत्येक गळणारा डोळा मात्र बंद नलिकेचा नसतो. घरच्यांना थांबायला सांगण्यापूर्वी काही आजार नाकारावेच लागतात. त्यांतला सर्वांत धोक्याचा म्हणजे जन्मजात काचबिंदू. त्यातही डोळ्यातून पाणी येते, पण चिपडे नसतात. बाळ उजेडात डोळे गच्च मिटून घेते, बुबुळावर धुरकट झाक येते आणि डोळ्याच्या आतला दाब वाढल्यामुळे डोळा मोठा होत जातो. नवजात बाळाच्या बुबुळाचा व्यास साधारण १० मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२ मिलिमीटरच्या पुढे गेला तर काचबिंदूची शंका घ्यावीच लागते. अशी बाळे येतात तेव्हा घरातून हमखास ऐकू येणारे वाक्य असते, 'सगळे म्हणतात, किती टपोरे डोळे आहेत!' एका बाळाला तीन-चार महिने 'नळी बंद आहे, मालिश करा' एवढेच सांगितले जात होते. ते बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसे आणि खिडकीकडे वळवले की कळवळे. बुबुळ मोजल्यावर कारण कळले आणि शस्त्रक्रिया ताबडतोब करावी लागली. अशा एका बाळानंतर विभागाची शिस्त बदलते. मालिश शिकवण्याआधी प्रत्येक बाळाचे बुबुळ उजेडात पाहायचे आणि शंका आली तर मोजायचे, हा नियम गर्दीच्या दिवशीही मोडायचा नाही.

दुसरा अपवाद म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात येणारे डोळे. पापण्या सुजलेल्या, डोळा लालभडक आणि पू भरपूर असेल, विशेषतः पहिल्या काही दिवसांतच, तर तो जंतुसंसर्ग असतो. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेले गोनोरियाचे जंतू त्यामागे असतील तर काही दिवसांतच बुबुळाला भोक पडू शकते. तिथे मालिशीचा प्रश्नच येत नाही. तातडीने रुग्णालय गाठावे लागते. तिसरा अपवाद जन्मतःच दिसतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर, टणक फुगवटा असतो. अश्रुपिशवी वरून आणि खालून दोन्हीकडे बंद झाल्याने ती फुगलेली असते. तिचा खालचा भाग नाकात फुगला तर बाळाला श्वास घेणे अवघड जाते, कारण नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. असे एक बाळ दूध ओढताना सारखे थांबत होते आणि घरच्यांना वाटत होते की आईला दूध कमी आहे. डोळ्याजवळची गाठ आणि अंगावर पिताना लागणारी धाप यांचा संबंध जोडला गेल्यावर नाक-कान-घसातज्ज्ञांच्या मदतीने वाट मोकळी केली गेली आणि बाळ त्याच दिवशी नीट पिऊ लागले. चौथा अपवाद म्हणजे पिशवीत पू कोंडून आलेली लाल, गरम, दुखरी सूज. तिच्यावर मालिश करू नये. बाळ लहान असेल तर त्याला दाखल करून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. पापण्यांचे केस बुबुळाला घासणे, बुबुळावर ओरखडा असणे ही आणखी दोन कारणे. ती शोधली नाहीत तर सापडत नाहीत.

हे सगळे नाकारल्यावर जो उपचार उरतो त्याचे तीन भाग आहेत: अश्रुपिशवीची मालिश, डोळ्याची स्वच्छता आणि ठरावीक मुदतीपर्यंत वाट पाहणे.

मालिशीचे शास्त्र १९२३ मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञ क्रिग्लर यांनी मांडले. बोट पिशवीच्या वरच्या टोकावर दाबून धरले की पापण्यांकडे जाणारी वाट मिटते आणि पिशवीतले पाणी मागे फिरू शकत नाही. मग तेच बोट खाली ओढले की दाब नलिकेच्या बंद टोकावर येतो आणि तो पातळ पडदा फाटण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे मालिश हा शब्द वापरला जात असला तरी इथे काम चोळण्याचे नसून पाण्याच्या दाबाचे आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतले बालनेत्रतज्ज्ञ बर्टन कुश्नर यांनी बाळांचे तीन गट करून ही पद्धत तपासली. एका गटात मालिश नव्हती, दुसऱ्यात पिशवी नुसती हलकेच दाबून रिकामी केली जात होती आणि तिसऱ्यात क्रिग्लर यांच्या पद्धतीने दाब दिला जात होता. तिसऱ्या गटातल्या नलिका इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक प्रमाणात मोकळ्या झाल्या. हलकी मालिश आणि मालिश नसणे यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. रोजच्या कामाला याहून उपयोगी निष्कर्ष क्वचितच मिळतो.

कृती अशी: हात साबणाने धुवावेत, बोटाचे नख कापलेले असावे. बाळाला मांडीवर उताणे घ्यावे. करंगळीचे किंवा तर्जनीचे टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, डोळा आणि नाकाचे हाड यांच्यामधल्या खोलगट जागी ठेवावे. आधी आत, हाडाच्या दिशेने दाबावे. नख किंचित पांढरे पडेल एवढा दाब लागतो. तो दाब सोडून न देता बोट नाकाच्या कडेने सुमारे एक सेंटिमीटर खाली न्यावे. मग बोट उचलून पुन्हा वर ठेवावे. खालून वर कधीही ओढू नये. एका वेळी असे पाच ते दहा झटके, दिवसातून तीन-चार वेळा. पाजण्याच्या वेळेला जोडून घेतले की विसरायला होत नाही. मालिशीनंतर डोळ्यात पू किंवा पाणी आले तर घाबरू नये. पिशवी रिकामी होत असल्याची ती खूण आहे. ते लगेच पुसून घ्यावे.

कागदावर हे सोपे दिसते, पण प्रत्यक्षात येणाऱ्या बहुतेक आयांची मालिश चुकीच्या जागी चाललेली असते. कोणी नाकाच्या उंच हाडावर बोट फिरवते, कोणी गालावर, कोणी पापणीवर. बहुतेकींचा हात इतका हलका असतो की कातडी नुसती सरकते. 'दोन महिने रोज मालिश करतेय, काही उपयोग नाही' असे सांगणाऱ्या आईला 'करून दाखवा' म्हटले की कारण दिसते. विभागातल्या कामाला सर्वांत मोठे वळण मिळाले ते 'समजले का?' हा प्रश्न सोडून 'करून दाखवा' म्हणू लागल्यावर. समजले का म्हटले की प्रत्येक आई मान डोलावते. करून दाखवायला लागली की चूक आणि भीती दोन्ही कळतात. दाब किती हे शब्दांत सांगता येत नाही. म्हणून आधी डॉक्टर किंवा परिचारिका आईच्या स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्यात तेवढा दाब देऊन दाखवते, मग आई बाळावर करते. आपल्याला दुखले नाही हे कळल्यावरच तिचे बोट धीट होते. पुढच्या प्रत्येक भेटीत ही कृती पुन्हा करवून घ्यावी लागते, कारण घरी गेल्यावर बाळ रडले की दाब पुन्हा हलका होत जातो.

बाळ रडते ते दुखते म्हणून नव्हे. डोके धरून ठेवलेले त्याला आवडत नाही. हे आजीला सांगितले नाही तर उपचार दुसऱ्या दिवशी थांबतो. अनेक घरांत पहिल्या वर्षातले निर्णय आई एकटी घेत नाही. आजी, आत्या, न्हाऊ घालणारी बाई यांचा त्यात वाटा असतो. एका आजींनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले, 'एवढ्याशा जिवाच्या डोळ्यात बोट घालायचं नाही.' त्यांना बाजूला बसवून आईला शिकवण्यात अर्थ नव्हता. बोट डोळ्यात जात नाही, हाडाजवळच्या खळगीत जाते, हे त्यांच्याच हाताने करवून दाखवले. पुढे त्या घरात मालिश आजीच करत आणि त्यांचे बोट आईच्या बोटापेक्षा नेमके पडत असे. बाळाला तेल लावणाऱ्या बाईचेही तसेच. तिच्या हाताला दाबाची जाण असते. तिला योग्य जागा दाखवली तर ती मोठी मदत होते आणि दुर्लक्षित ठेवली तर तीच दुसऱ्या दिवशी 'नाक सरळ करायचं' म्हणून भलत्या जागी जोर लावते. घरातला ज्याचा हात बाळाला रोज लागतो त्याला शिकवायचे, हा नियम त्यातून पक्का झाला.

स्वच्छतेचा भाग साधा आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पिळावा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा घ्यावा. सुकलेली चिपडे ओरबाडू नयेत. ओला बोळा क्षणभर ठेवला की ती सुटतात. सतत ओले राहून खालच्या पापणीची आणि गालाची कातडी लाल होते, तिथे पातळसर व्हॅसलीन पुरते. काजळ या काळात बंद ठेवावे. त्याचा स्निग्ध थर पापणीच्या कडेवर, नेमका छिद्रांपाशी बसतो, लावणाऱ्या बोटातून जंतू जातात आणि काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळलेले आहे. आईचे दूध, मध, गुलाबपाणी, तूप यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. काजळाविषयी बोलताना घरच्यांच्या भावनेचा अवमान होता कामा नये. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची असेल तर ती कानामागे किंवा तळपायाला लावता येते, असे सुचवले की बहुतेक आज्या आनंदाने मान्य करतात. नुसते 'काजळ नको' म्हटले तर दवाखान्यात येताना तेवढे पुसले जाते आणि घरी पुन्हा लावले जाते.

डोळ्यात घालायच्या थेंबांबाबतही स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. प्रतिजैविकांचे थेंब पडदा उघडत नाहीत. पू वाढला, डोळा लाल झाला तर काही दिवस ते द्यावे लागतात आणि मग थांबवावे लागतात. प्रत्यक्षात येणाऱ्या कुटुंबांच्या पिशवीत बरेचदा अर्धवट वापरलेल्या बाटल्यांचा ढीग असतो. प्रत्येक डॉक्टरने, प्रत्येक दुकानदाराने नवी बाटली दिलेली असते. थेंब चालू असताना चिपडे कमी होतात, थांबवले की परत येतात आणि घरच्यांना वाटते की औषध लागू पडेना, दुसरे हवे. खरे तर जोवर नलिका बंद आहे तोवर असेच होत राहणार. या बाटल्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले थेंब सापडणे विशेष धोक्याचे. ते दीर्घकाळ वापरले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून पहिल्या भेटीत सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला सांगणे हा तपासणीचाच भाग असतो. त्यातली कोणती ठेवायची, कोणती टाकायची हे दाखवूनच पुढे जावे. उघडलेली बाटली महिनाभरानंतर वापरू नये, हे त्याच वेळी सांगावे.

तिसरा भाग, वाट पाहणे, हा सर्वांत कठीण. 'थांबा, बरं होईल' एवढे सांगितले तर घरच्यांना डॉक्टरांनी टाळल्यासारखे वाटते आणि ते दुसरीकडे जातात. त्या जागी मुदत आणि टप्पे सांगितले की तेच थांबणे उपचार वाटू लागते. लसीकरणाच्या वेळा इथे कामाला येतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला बाळ कुठेतरी नेले जातेच, नवव्या महिन्यात पुन्हा नेले जाते. त्याच वेळी डोळा दाखवा, मालिश करून दाखवा, असे सांगितले की वेगळी फेरी पडत नाही. आशाताई बाळाच्या घरी पहिल्या सहा आठवड्यांत ठरावीक दिवशी जातात. त्यांना जागा आणि दाब माहीत असेल तर चूक घरीच सुधारते.

पहिलटकरीण बहुधा माहेरी बाळंत होते आणि काही महिन्यांनी सासरी जाते. या बदलात उपचार तुटतो. माहेरच्या गावी दाखवलेला डॉक्टर सुटतो, सासरी आजी वेगळी, न्हाऊ घालणारी वेगळी, मत वेगळे. तीन महिन्यांपर्यंत नियमित येणारी बाळे त्यानंतर दिसेनाशी होतात याचे कारण कित्येक घरांत हेच असते. चिठ्ठीवर मालिशीची जागा रेखाटून देणे, 'अमुक महिन्यापर्यंत पाणी थांबले नाही तर जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जावे' असे मराठीत लिहून देणे आणि जमल्यास बाळाच्या वडिलांनाही शिकवणे, या तीन उपायांनी ही तूट बरीच भरून निघते. वडील शिकले तर फायदा दुहेरी होतो. सासर-माहेरच्या बदलात तेच एक दोन्हीकडे असतात.

वाट किती पाहायची याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या बालनेत्ररोग अभ्यासगटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सहा ते दहा महिने वयाची, एकच डोळा गळणारी बाळे घेतली होती. निम्म्यांची नलिका लगेच उघडली गेली. उरलेल्यांना सहा महिने केवळ मालिश आणि गरजेपुरते थेंब दिले. या दुसऱ्या गटातल्या दोन तृतीयांश बाळांना त्या सहा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडला. म्हणजे सहाव्या महिन्यानंतरही आशा संपत नाही. चौथ्या महिन्यात 'एकदाची नळी उघडून टाका' असा आग्रह धरणाऱ्या एका कुटुंबाला नीट मालिश शिकवून थांबवले गेले. दहाव्या महिन्याच्या भेटीत त्यांनी सांगितले की गेल्या काही दिवसांत डोळा कोरडाच आहे, कधी थांबला ते लक्षातही आले नाही. बरे होण्याची रीत बहुधा अशीच असते. आधी चिपडे कमी होतात, मग फक्त सर्दीच्या दिवसांत पाणी येते, मग तेही थांबते. सर्दीत नाकातली त्वचा सुजून वाट तात्पुरती अरुंद होते. तेवढ्यावरून उपचार फसला असे मानू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या किंवा चेहऱ्याच्या हाडांत जन्मजात दोष असलेल्या बाळांत अडथळा गुंतागुंतीचा असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांना लवकर तज्ज्ञांकडे पाठवावे.

उलट टोकाचा अनुभवही येतो. 'मोठा झाला की बरा होईल' या भरवशावर तीन-साडेतीन वर्षांपर्यंत थांबलेली मुले येतात. बालवाडीत मुले त्यांना चिडवतात, डोळ्याखालची कातडी जाड झालेली असते, पिशवी ताणलेली असते. साधारण बारा महिन्यांनंतरही डोळा गळत असेल तर प्रोबिंगचा विचार करायचा असतो. बाळाला भूल देऊन पापणीच्या छिद्रातून बारीक धातूची सळई नलिकेत घालतात आणि खालचा पडदा उघडतात. या सळयांना इंग्लंडचे विल्यम बोमन यांचे नाव आहे; त्यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली. प्रक्रिया काही मिनिटांची असते आणि बहुसंख्य मुलांत एकदाच पुरते. नाकातून दुर्बिणीने पाहत केल्यास सळई योग्य जागी पोचली याची खात्री होते. तिने भागले नाही तर नलिकेत सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ते महिने ठेवणे, फुग्याने वाट रुंद करणे आणि शेवटी पिशवीपासून नाकात नवी वाट काढणे हे पुढचे टप्पे. प्रोबिंगची वेळ आली म्हणजे मालिश वाया गेली असे नव्हे. मालिशीमुळे पिशवी रिकामी राहिलेली असते आणि मधल्या काळात पू कोंडण्याचा धोका कमी झालेला असतो.

आणखी एक तपासणी विसरली जाते. एकाच डोळ्याची नलिका बंद असलेल्या काही बाळांत दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. तसा फरक लक्षात आला नाही तर जास्त नंबराचा डोळा आळशी होऊ शकतो. म्हणून वर्षाच्या आसपास बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर तपासून घ्यावा, पाणी थांबले असले तरी.

या सगळ्या वर्षांतून उरलेले सार थोडे आहे. या आजारात डॉक्टरच्या हाताने होणारे काम लहान आणि आईच्या हाताने होणारे मोठे आहे. तिला जागा, दाब आणि मुदत या तीन गोष्टी नेमक्या कळल्या तर बहुतेक बाळांना सळई लागत नाही. त्या कळल्या नाहीत तर बाटल्या वाढतात आणि महिने जातात. ज्या घरात अशा बाळाचा डोळा गळतो आहे त्यांनी एकदा नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळ तपासून घ्यावे, मालिश त्यांच्यासमोर करून दाखवावी, स्टेरॉइडचे थेंब आणि काजळ दूर ठेवावे आणि वर्षापर्यंत धीर धरावा. बाळ उजेड टाळत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, डोळा लाल होऊन सुजला असेल किंवा कोपऱ्यात गाठ आली असेल तर एक दिवसही थांबू नये. आणि पहिला वाढदिवस झाल्यावरही पाणी गळत असेल तर आणखी वाट न पाहता प्रोबिंगसाठी नेत्रतज्ज्ञांना भेटावे.